गृहीत धरणे आणि ठरविणे

नागपूरहून दक्षिणेस निघालेला हैदराबादचा महामार्ग वर्धा जिल्ह्यातील जाम या गावी येतो आणि तेथून चंद्रपूरची वाट फुटते. समुद्रपूर तालुक्यातील हे गाव त्याच्या चौरस्त्यामुळेच अधिक ओळखीचे. भोवतालच्या खेड्यांतील माणसे बाजारहाट, लग्नकार्य, कोर्टकचेरी आणि दवाखाना अशा नाना कारणांनी येथे येऊन बस धरतात. दवाखान्यास निघालेल्यांच्या हाती बहुधा एक चिठ्ठी असते. जवळच्या डॉक्टरांनी ती मोठ्या दवाखान्यासाठी लिहून दिलेली असते. अशा चिठ्ठ्यांपैकी एका चिठ्ठीविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे. एखाद्या स्त्रीच्या पोटात गाठ लागली आहे, किंवा पाळी बंद होऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागले आहे. सोनोग्राफी झाली आहे, रक्त तपासले आहे. कर्करोग आहे असे कोणीही म्हटलेले नाही. तरीही चिठ्ठीवर लिहिलेले असते, की स्त्रियांच्या कर्करोगाच्या शल्यविशारदांस दाखवावे.

रोग ठरलेला नसताना त्या रोगाच्या वैद्याकडे का जावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. आमच्या मते तो तितकाच नीतीचा आहे. ज्याचे अजून ज्ञान झालेले नाही त्याच्याशी माणसाने कसे वागावे, ते दुसऱ्यास कसे सांगावे आणि त्यावर कोणी निर्णय घ्यावा, हे सारे त्या चिठ्ठीत घडी घालून ठेवलेले असते.

ती चिठ्ठी घरात आल्यावर काय होते हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. वाचता येणारा मुलगा ती वाचतो आणि खिशात ठेवतो. अंगणात पुरुषांची बैठक बसते. संध्याकाळपर्यंत शेजारी 'तिला कॅन्सर निघाला' अशी वार्ता पोहोचलेली असते, आणि जिचे पोट दुखते तिला मात्र 'साधी तपासणी आहे' एवढेच कळते. 'फादर, मायले काही सांगू नका,' ही विनंती आम्ही इतक्या उंबरठ्यांवर ऐकली आहे, की ती करणाऱ्याचा चेहरा पाहताच शब्द आधी ऐकू येतात. मग कोणी जाणता नातलग सुचवितो, की अमुक गावी एक डॉक्टर आहे, तो कॅन्सर-बिन्सर काही बोलत नाही, पिशवी काढून टाकतो आणि चार दिवसांत घरी सोडतो. घरास तो मार्ग दयेचा वाटतो. भीतीचा शब्द टळतो, खर्चाचा आकडा आधी कळतो, प्रवास वाचतो.

हा मार्ग घातक का ठरू शकतो, ते समजण्यासाठी थोडे वैद्यक जाणून घ्यावे लागेल. गर्भाशयाच्या मुखाशी किंवा त्याच्या अस्तरात संशय असल्यास तेथील लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. अंडाशयाची गोष्ट निराळी आहे. तेथील गाठ संशयास्पद असली आणि ती अजून आपल्या आवरणातच असावी असे दिसले, तर बाहेरून सुई घालून नमुना काढण्याचे डॉक्टर टाळतात. गाठ कर्करोगाची निघाली तर सुईच्या वाटेने तिच्यातील पेशी पोटात सांडण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया करताना अशी गाठ फुटली, तरीही रोगाची पायरी एकदम वर चढते आणि जी स्त्री कदाचित शस्त्रक्रियेनेच मोकळी झाली असती तिला पुढे औषधांचे जड उपचार घ्यावे लागू शकतात. म्हणून गाठ अखंड बाहेर काढावयाची, तिचा तुकडा त्याच वेळी गोठवून तपासावयाचा, अर्ध्याएक तासात उत्तर मिळवावयाचे आणि रुग्ण मेजावर असतानाच पुढील निर्णय करावयाचा, अशी पद्धत आहे. कर्करोग नसेल तर तेवढ्यावर थांबता येते. असेल तर पोटातील पडदे, लसिकाग्रंथी, आतड्यांचे पृष्ठभाग हे सर्व पाहून जे काढावयाचे ते काढावे लागते. त्या कामाचे शिक्षण वेगळे आहे. सामान्य स्त्रीरोगतज्ज्ञाने पोट उघडले आणि आत रोग सापडला, तर त्यास पुष्कळदा पोट मिटून रुग्णास दुसरीकडे धाडावे लागते, आणि तिच्या वाट्याला दुसरी शस्त्रक्रिया येते.

म्हणजे येथे निदान आधी आणि तज्ज्ञ मागाहून असा क्रम लावताच येत नाही. तज्ज्ञाच्या हातूनच निदान व्हावयाचे आहे. चिठ्ठी निदानाच्या आधी येते याचे कारण इतके सरळ आहे. ते कारण चिठ्ठीबरोबर दोन वाक्यांत सांगितले गेले असते तर किती अंगणे शांत राहिली असती!

संशय किती आहे हे मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडमध्ये १९९० साली एक साधा गुणाकार सुचविला गेला. सोनोग्राफीत काय दिसले, पाळी चालू आहे की गेली आहे, आणि रक्तातील 'सीए-१२५' या द्रव्याचे प्रमाण किती, या तिन्हींचे आकडे गुणावयाचे. उत्तर २०० च्या वर गेले तर कर्करोगाच्या शल्यविशारदाकडे पाठवावयाचे. आकडा पाहून घाबरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की सीए-१२५ हे द्रव्य पाळीच्या दिवसांत वाढते, गर्भारपणात वाढते, गर्भाशयातील साध्या गाठींनी वाढते. आणि आपल्या देशात ज्याची आठवण प्रथम व्हावी त्या पोटातील क्षयानेही वाढते. पोटात पाणी, वजन उतरलेले, सीए-१२५ वाढलेले, म्हणून कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे पोहोचलेली स्त्री क्षयाच्या गोळ्या घेऊन बरी होऊन परतली, असे आपल्याकडील डॉक्टरांच्या पाहण्यात वारंवार येते. उलट, सुरुवातीच्या अवस्थेतील अंडाशयाच्या कर्करोगात सुमारे निम्म्या स्त्रियांचे हे प्रमाण वाढलेलेच नसते. पाळी गेल्यानंतरच्या रक्तस्रावाचेही तसेच. शंभरांतील सुमारे नव्वद स्त्रियांत त्याचे कारण कर्करोग नसते, पण उरलेल्या दहांमध्ये आपण नाही हे तपासल्यावाचून कोणासही सांगता येत नाही.

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकत असताना संत थॉमस अक्विनास यांच्या 'सुम्मा'मधील न्यायनिर्णयासंबंधीचा एक प्रश्न आमच्याकडून घोटून घेण्यात आला होता. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तो साठावा प्रश्न. संशयावरून दुसऱ्याविषयी निर्णय करू नये, शंका असेल तेथे चांगला अर्थ घ्यावा, असे संत थॉमस तेथे सांगतात. हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याच जागी एका आक्षेपास उत्तर देताना त्यांनी जो भेद केला आहे, तो सहसा कोणी उद्धृत करीत नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वाईट अर्थ दोन प्रकारांनी घेता येतो, एक गृहीत म्हणून आणि दुसरा निर्णय म्हणून. एखाद्या दुखण्यावर, आपल्या वा दुसऱ्याच्या, उपाय करावयाचा असेल तेव्हा वाईटांतील वाईट गृहीत धरणे हिताचे, कारण जो उपाय मोठ्या दुखण्यास पुरेल तो लहान दुखण्यास पुरेलच. पण निर्णय म्हणून, म्हणजे 'असे आहेच' असे ठरवून, वाईट अर्थ घेण्यास मात्र मुभा नाही.

तेराव्या शतकातील या धर्मपंडितापुढे सोनोग्राफी नव्हती, आणि ते बोलत होते ते माणसांच्या आचरणाविषयी. तरी तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या चिठ्ठीचे याहून नेमके वर्णन आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याने वाईट ते गृहीत धरले आहे, ठरविलेले नाही. अंगणातील बैठक करते ते याच्या नेमके उलट. ती एक तर 'निघालाच' असे ठरविते, नाही तर 'काही नाही' असे ठरविते. दोन्ही वेळा जे कोणास ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव असतो, आणि गृहीत धरून करावयाची एकच गोष्ट, ती बस पकडणे, राहून जाते.

येथे कोणी म्हणेल, 'काही नाही' असे सांगण्यात पाप कसले? ती तर मायेची थाप आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात असाच एक प्रसंग घेतला आहे. एक माणूस जिवावरच्या दुखण्याने पडला आहे, त्याचा मुलगा वारला आहे, आणि तो विचारतो आहे की मुलगा कसा आहे. खरे सांगितले तर हा मरेल, ही भीती. आपणही माणूस आहोत, आपले मन येथे हेलावते, अशी कबुली ऑगस्टीन देतात आणि तरीही खोट्यास परवानगी देत नाहीत. त्यांच्या या कठोरपणाशी वाद घालणारे पुष्कळ झाले, आणि तो वाद आम्ही येथे सोडवू इच्छीत नाही. आमच्या प्रसंगात त्याची गरजही नाही. ऑगस्टीनच्या गोष्टीत मुलगा वारला आहे हे घरच्यांस ठाऊक आहे. ते लपवावे की सांगावे एवढाच प्रश्न. चिठ्ठीच्या प्रसंगात लपविण्याजोगे कोणाजवळ काहीच नाही. खरे आहे ते इतकेच, की 'गाठ आहे, ती कसली हे ठाऊक नाही, ते शोधण्यास योग्य माणसाकडे जावयाचे आहे.' हे सत्य कोणाचा जीव घेणारे नाही. मायेने थाप मारणारा मुलगा आईला दुःखापासून वाचवितो असे त्यास वाटते, प्रत्यक्षात तो तिच्यापासून तिची आशाही लपवितो. कारण खालच्या आवाजातील बोलणी, अचानक आलेली लेक, ताटात वाढलेले अधिकचे तूप यांवरून त्या बाईने जे ओळखावयाचे ते ओळखलेलेच असते, आणि तिने ओळखलेले बहुधा सत्याहून वाईट असते.

न जाणणाऱ्याने 'जाणत नाही' असे सांगून रुग्णास सोबत घेतल्याचे एक जुने उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील केंटकी प्रांतात १८०९ सालच्या डिसेंबरात जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीचे पोट इतके वाढले होते, की दिवस भरूनही बाळंत होत नाही अशी सर्वांची समजूत झाली. एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी तपासून हे गर्भारपण नव्हे, अंडाशयाची गाठ आहे, असे सांगितले. अशी शस्त्रक्रिया कोणी यशस्वी केल्याचे त्यांना ठाऊक नव्हते; हा एक प्रयोगच ठरेल, असे त्यांनी तिला स्पष्ट सांगितले आणि तयारी असल्यास आपल्या गावी येण्यास सुचविले. ती सुमारे ६० मैल घोड्यावरून गेली. गाठ खोगिराच्या शिंगावर टेकून टेकून पोटास व्रण पडले होते. भूल देण्याची विद्या अजून निघावयाची होती. मॅकडॉवेल यांनी साडेबावीस पौंडांची गाठ काढली. जेन क्रॉफर्ड १८४२ सालापर्यंत जगली. गाठीचे नाव कळण्याआधी, परंतु गाठ आहे हे पुरते जाणून, स्वतःच्या संमतीने केलेला तो प्रवास होता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. भीतीचा शब्द टाळणारा डॉक्टर घातक, असे वर म्हटले. परंतु त्या शब्दाचा व्यापार करणाराही असतो, आणि त्याची कथा अधिक दुःखद आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकिकत २०१९ साली सर्व देशापुढे आली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली 'उचल', आणि एका दिवसाचा खाडा झाला तर दंड, अशा या संसारात पाळीचे दिवस, पांढरे पाणी, ओटीपोटातील दुखणे यांना जागाच नसते. अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक स्त्रियांना 'पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल' असे सांगण्यात आले आणि पिशवी काढण्यात आली. २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची नोंद शासकीय अहवालात झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ स्त्रियांची जी पाहणी आली, तीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतील अनेक होत्या. पुढे त्या जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या संमतीवाचून खासगी रुग्णालयात गर्भाशय काढू नये असा निर्बंध आला.

यातील दोष केवळ लोभाचा आहे असे म्हणून पुढे जाता येत नाही. लोभ होताच. पण नीतीच्या दृष्टीने पाहिले तर तेथेही गृहीताचा निर्णय करण्यात आला. 'कर्करोग होईल' हे वाक्य तपासणीची पहिली पायरी म्हणून उच्चारले गेले असते, तर त्या स्त्रीस मुखाची तपासणी, अस्तराचा नमुना आणि गरज पडल्यास कर्करोगाच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळाली असती, आणि बहुतेकींना औषधांवर घरी पाठविता आले असते. तेच वाक्य शेवटचा शब्द म्हणून उच्चारले गेले. तज्ज्ञाकडे पाठविणे म्हणजे आपला हात आवरणे, हे येथे ध्यानात येते. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर एक रुग्ण, तिचे शुल्क आणि 'हे मला जमते' हा अभिमान, तिन्ही गोष्टी हातची सोडतो. ज्या चिठ्ठीस घर घाबरते तिच्यामागे पुष्कळदा एका प्रामाणिक माणसाची ही विरक्ती असते.

आणि वाईट ते गृहीत धरून निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांस तपासल्याने काय साधते, याचेही उत्तर मराठवाड्यानेच जगाला दिले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. विषाणू आढळला तो तपासलेल्या दर दहांपैकी एकीत. म्हणजे पुढील तपासणीस बोलाविल्या गेलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग नव्हताच. (तपासणीवाचून ठेवलेल्या गटाविषयी जो नैतिक आक्षेप पुढे घेतला गेला, तो गंभीर आहे, त्यावर स्वतंत्र लेखच हवा.)

तरीही आम्ही असे म्हणणार नाही, की चिठ्ठी दिली म्हणजे देणाऱ्याचे कर्तव्य संपले. पाठविणे हे फुकटचे नसते. जामच्या परिसरातील मजूर स्त्रीस नागपूरची एक खेप म्हणजे तिची स्वतःची आणि सोबत्याची मजुरी, बसभाडे, आणि पहिल्या दिवशी बहुधा केवळ पुढची तारीख. शासनाची जीवनदायी म्हणून सुरू झालेली, आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी योजना ठरावीक उपचारांचा भार उचलते. निदान होण्याआधीच्या खेपांचा भार घरावरच पडतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय याच जिल्ह्यात आहे आणि १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून खेड्यातील कितीतरी स्त्रियांची पहिली तपासणी तेथेच झाली आहे. पण अंतर केवळ किलोमीटरांचे नसते. त्या आठवड्यांत बाई झोपत नाही, जेवत नाही, नवस बोलते, लेकीच्या लग्नाची तारीख अलीकडे ओढू पाहते. ही वेदना खरी आहे, गाठ साधी निघाली तरी ती परत घेता येत नाही. वाईट गृहीत धरण्याचा अधिकार ज्यास आहे, त्याच्यावर ते गृहीतच आहे हे समजावून सांगण्याचे ऋणही आहे. घाईत लिहिलेली आणि न समजावलेली चिठ्ठी हे अर्धेच वैद्यक होय.

नावाच्या भीतीविषयी एक गोष्ट. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कर्करोगाने गेले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव आहे. ज्या खेड्यांत त्यांची भजने पहाटे ऐकू येतात, त्याच खेड्यांत त्या रुग्णालयाचे नाव चिठ्ठीवर दिसले की आवाज खाली जातो. आम्हां धर्मगुरूंना या प्रकाराचे नवल वाटू नये. रुग्णाभ्यंगाच्या संस्कारास आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या 'शेवटचा अभ्यंग' म्हटले. त्याचे नाव 'रुग्णांचा अभ्यंग' असणे अधिक योग्य, तो केवळ अगदी मरणाच्या टेकीस आलेल्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. १९७२ साली पोप सहावे पौल यांनी त्याचा विधीही नव्याने लावून दिला. इतकी वर्षे गेली, तरी फादर तेलाची कुपी घेऊन आले म्हणजे संपले, या भीतीने आम्हांस बोलाविले जाते ते रुग्णाची शुद्ध हरपल्यावर. आराम मागण्यासाठी असलेल्या गोष्टीस आपण निकाल समजतो आणि मग ती इतक्या उशिरा करतो, की ती खरोखरच निकालासारखी दिसू लागते.

चिठ्ठी हाती घेऊन जाणाऱ्यांस आमची एक विनवणी आहे. वर सांगितले, की अंडाशयाच्या गाठीचे निदान बहुधा शस्त्रक्रियेच्या मेजावरच होते आणि काय काढावयाचे, काय राखावयाचे हे रुग्ण भुलीत असताना ठरते. तेव्हा त्या स्त्रीस विचारावयाचे ते आधीच विचारून घेतले पाहिजे. साधी गाठ निघाली तर दुसरे अंडाशय ठेवणार का. कर्करोग निघाला तर किती काढणार. मूल व्हावयाचे असेल तर काय वाचविता येईल. हे प्रश्न तिने विचारावयाचे आहेत, जावयाने किंवा दिराने नव्हेत. 'साधी तपासणी' म्हणून मेजावर झोपविलेली बाई जागी होते तेव्हा तिच्या देहातून काय गेले हे तिला इतरांच्या मागाहून कळते, आणि संमतीच्या कागदावरील तिच्या अंगठ्यास मग काही अर्थ राहत नाही. त्यासाठी फाईल तिच्या हाती असावी, आणि डॉक्टर बोलत असताना तिला बाहेरच्या बाकावर बसवू नये.

गोठवून पाहिलेल्या तुकड्याचे उत्तर त्याच वेळी मिळाले, तरी अंतिम अहवाल येण्यास आणखी काही दिवस लागतात. त्या दिवसांत भेटीस जाणाऱ्यांनी 'काय निघाले' असे विचारू नये. आम्ही गेलो तेव्हा असे पाहिले आहे, की कापूस वेचणीचे दिवस असतील तर टाके ओले असतानाही ती बाईच आधी विचारते, तिच्या वाटची वेचणी कोणी केली.